एक पायरी खाली

नाही, पण मला एक सांगा, काय वाईट होतं हो त्या कॉम्प्युटरचं? सांगा ना! एकवीस वर्षं हॉलच्या कोपऱ्यात बसला होता बिचारा, जुन्या पडद्याचं झाकण डोक्यावर घेऊन, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आता सुरू व्हायला वेळ लावायचा, मान्य. मी बटण दाबून दाढी करून यायचो, तेव्हा कुठे स्वारी डोळे उघडायची. घरघरायचा, तेही मान्य. मधे दोनदा त्याच्या पोटातलं सगळं बदलून आणलं, खरंय. अहो, पण या वयात कोण घरघरत नाही? मी घरघरतो. माझ्याही पोटातलं एकदा काढून झालंय. म्हणून मला काढलं का कुणी भंगारात?... जाऊ दे, हे मोठ्यानं बोलायला नको. मुलगी आतल्या खोलीत आहे, तिला कल्पना द्यायला नको.

तर ही आमची मुलगी. एका रविवारी आली, कमरेवर हात ठेवून कोपऱ्याकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, हे एवढं धूड कशाला हवंय? तुम्ही करता काय त्याच्यावर? बातम्या वाचता, पत्ते खेळता आणि ती तुमची पत्रं लिहिता. सगळं टॅबलेटवर होतं." मी म्हटलं, प्रिंटर? "प्रिंटर कशाला? आजकाल कुणी कागद देतं का? शेअर करायचं!" शेअर करायचं. हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकला आणि तुम्हाला सांगतो, त्याच क्षणी त्याला दाराबाहेर घालवायला हवा होता. पण आम्ही पडलो हौशी! मी म्हटलं, हो हो, आण, आपण काही मागासलेले नाही.

आला टॅबलेट. पापडाएवढा जाड. हातात धरला की भीती वाटते, मोडतो की काय. आणि स्वभाव विचाराल, तर अतिशय आगाऊ. जरा कूस बदलून बघावं, तर पान आडवं. सरळ करावं, तर पान अजून आडवंच, आणि मग आपण मान वाकडी केली की हा लगेच उभा! बोट लावलं की उघडतं, बोट लागलं की बंद होतं, आणि लावलं कधी नि लागलं कधी हे तोच ठरवणार. त्या जुन्याचं कसं, तो विचारायचा. 'नक्की का?' 'साठवू का?' 'खरंच काढू का?' घरंदाज होता हो! काय वाईट होतं त्या कॉम्प्युटरचं?

आणि तो गेला कसा, तर दुरुस्तीवाला आला आणि दोन वायरी उपटून काखोटीला मारून जिना उतरून गेला. आमची ही त्याच्यामागे ते पडद्याचं झाकण घेऊन धावली. "अहो, हे राहिलं!" तो म्हणाला, "नको मावशी." तिनं त्याची घडी घातली आणि कपाटात ठेवलं. कपाटात, बरं का, त्या पाकिटाशेजारी. ते पाकीट लक्षात ठेवा. माझी सगळी अब्रू त्या पाकिटात आहे. होती.

आता मला सांगावं लागेल की मी कोण. म्हणजे तसं कोणीच नाही. पाणीपुरवठा कचेरीत बत्तीस वर्षं जावक विभागात होतो. बाहेर जाणारी पत्रं लिहायचं काम. आणि जावक विभागाचं एक शास्त्र असतं, नवीन म्हणून काही लिहायचं नसतं. मागच्या वेळचं पत्र काढायचं, नाव बदलायचं, तारीख बदलायची, सही घ्यायची. 'आपला अर्ज मिळाला, त्याचा सहानुभूतीपूर्वक विचार चालू आहे.' बत्तीस वर्षं मी सहानुभूतीपूर्वक विचार केला, आणि एकदाही विचार करावा लागला नाही! ही सवय. हाडात मुरलेली. हे मी सबब म्हणून सांगत नाहीये... नाही, सबब म्हणूनच सांगतोय. लाज वाटणाऱ्या माणसाला थोडी सबब लागतेच.

तर आमच्या या इमारतीत चौसष्ट घरं. चौसष्ट घरं म्हटली की वर्षाला एखादं माणूस जाणार, त्याला कोण काय करणार? आणि कुणी गेलं की त्या घरी माझं सांत्वनाचं पत्र जायचं. छापलेलं, पाकिटात, खाली माझी शाईची सही. अहो, लोक रडायचे! रडायचे म्हणजे, चौथ्या मजल्यावरच्या मुख्याध्यापिका बाई, ज्यांना बघून अजूनही तीन-तीन पोरांचे बाप झालेले विद्यार्थी चपला हातात घेतात, त्या माझ्या दारात उभं राहून रडल्या. खालचा बेकरीवाला, त्यानं तर वडिलांवरचं पत्र काच लावून गल्ल्याच्या मागे टांगलंय. मला म्हणाला, "काका, मुलगा असून मला जे दिसलं नाही, ते तुम्ही पाहिलंत." मी नुसती मान हलवली. गंभीरपणे. अशी. एकजण तर म्हणाले होते की तुमचं पत्र आल्याशिवाय माणूस गेल्यासारखं वाटतच नाही. आयुष्यात मला दुसरा कसलाच मान नव्हता हो. ना गाडी, ना हुद्दा, ना आवाज. पण शब्दांचा माणूस म्हणून जिन्यात मला नमस्कार मिळायचा, आणि त्या वेळी ही शेजारी असली की तिचा चेहरा मी हळूच बघून घ्यायचो. तेवढ्यावर जगत होतो मी.

पहिलं पत्र तिच्यासाठीच लिहिलं होतं. तिचे वडील गेले तेव्हा. आप्पा. ती बोलेना, जेवेना, आणि मला तोंडानं काही सुचेना. मग मी रविवारी कचेरीची किल्ली मागून घेतली, रिकाम्या जावक विभागात एकटा बसलो आणि अख्खा दिवस घालून लिहिलं. खरंच लिहिलं, शपथेवर. त्यात एक वाक्य होतं. ऐका. 'जिना चढताना समोरून कुणी उतरत आलं, की ते एक पायरी खाली उतरून भिंतीला लागून उभे राहत, समोरच्याला आधी जाऊ देत, आणि असे हसत की जणू वाट त्यांनी दिली नव्हती, त्यांनाच मिळाली होती.' आप्पा होतेच तसे. मी स्वतः त्यांच्या अंगावरून असा कितीदा धडधडत उतरलोय. हिनं ते वाचलं, आणि त्या दिवशी जेवली. ते कपाटातलं पाकीट.

मग महिन्याभरानं बेकरीवाल्याचे वडील गेले. आता मला सांगा, फाईल तयार, फ्लॉपीतून घरी आणलेली, कॉम्प्युटर समोर, आणि बोटांना जावक विभागाचं वळण. मी आप्पांचं नाव खोडलं आणि त्यांचं घातलं. मला वाटलं, एकदाच. एकदाच म्हणून माणूस काय काय करतो! पत्र गेलं, बेकरीवाला रडला. "काका, जिन्यात अगदी असेच उभे राहायचे हो!" अहो, ते तळमजल्यावर राहायचे! जिन्याशी त्यांचा संबंध काय? पण त्याला ते उभे राहिलेले दिसले. मग दुसरं, मग सातवं. नऊ वर्षं अंथरुणाला खिळलेल्या एका आजी होत्या, त्यांनाही मी जिन्यात उभं केलं. घरचे म्हणाले, "अगदी आमच्या आजी!" मी तरी काय करणार? एकच फाईल, एकच नाव काढ, एक घाल, प्रिंट मार. कॉम्प्युटर विचारायचा, 'साठवू का?' मी म्हणायचो, साठव. आणि तो साठवत होता हो... काय काय साठवत होता, ते मला कुठे माहीत!

आता गेल्या महिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या ग्रंथपाल बाईंची आई गेली. ग्रंथपाल बाई एकट्या, शांत, कधी कुणाच्या वाटेला न जाणाऱ्या. मी टॅबलेट काढला. फाईल मुलीनं आधीच त्यात घालून ठेवलेली. उघडली, नाव बदललं. पडद्यावर कडेला कसल्या तरी तांबड्या-निळ्या मुंग्या दिसत होत्या. मला वाटलं, याची सजावट असेल. हल्ली सगळ्याला सजावट असते. आणि चष्मा शोधायचा कंटाळा. मग प्रिंट कुठे, तर प्रिंट नाही. 'शेअर.' दाबलं. यादी आली, त्यात ग्रंथपाल बाई होत्या आणि त्यांच्या बरोब्बर वर इमारतीचा ग्रुप होता. बोट लावलं एकावर, लागलं दुसऱ्यावर. गेलं. चौसष्ट घरं. म्हटलं, ठीक आहे, चौघांत वाचलं जाईल, उलट चांगलंच! तुम्हाला सांगतो, मी चहा मागितला. वर खारी मागितली! एवढा खूश होतो.

पहिला फोन बेकरीवाल्याचा.

"काका."

"बोल रे."

"काका, माझ्या वडिलांना शेपूट होतं?"

मला कळेना. म्हटलं, "अरे, काय बोलतोस?"

"इथे लिहिलंय. 'शेपूट हलवत' असं आहे, ते खोडलंय, आणि पुढे परत 'हसत' केलंय. त्याच्या आधी माझ्या वडिलांचं नाव आहे, तेही खोडलंय. त्याच्यावर अजून बरीच नावं आहेत. सगळी खोडलेली. काका, हे काय आहे?"

मी चष्मा लावला. आणि बघतो तर... काय सांगू! त्या मुंग्या नव्हत्या हो, ती माणसं होती. एकवीस वर्षांत मी काढलेलं एकूणएक नाव तिथे होतं, तांबड्या रेघेनं खोडलेलं, एकापुढे एक, सव्वीसच्या सव्वीस, एकाच वाक्यात, एकाच पायरीवर उभी! कधी काढलं त्याच्या तारखेसकट, वेळेसकट. आणि मधे 'शेपूट हलवत'. कारण मुख्याध्यापिका बाईंचा कुत्रा गेला होता, आणि त्यांनी स्वतः येऊन, "मला पण द्या ना दोन ओळी," म्हटलं होतं, आणि त्या बाईंना नाही म्हणण्याची हिंमत माझ्यात नाही.

मुलगी धावत आली, बघितलं आणि कपाळाला हात लावला. "बाबा, यात बदलांची नोंद पहिल्यापासून चालू आहे! कॉम्प्युटरवर फक्त लपवलेली होती, छापताना येत नव्हती. टॅबलेट सगळं दाखवतो." कुणी चालू केली नोंद? तर आमच्या जावक विभागात सगळ्याच मशीनवर ती चालू असायची, साहेबांना कोणी काय बदललं ते बघायचं असायचं म्हणून! फाईल तिथे जन्मली, ती खोड घेऊनच घरी आली. एकवीस वर्षं त्या कॉम्प्युटरला माझं सगळं माहीत होतं, आणि एका शब्दानं बोलला नाही. मित्र आणखी काय करतो? आणि या पापडानं पंधरा दिवसांत चव्हाट्यावर मांडलं! काय वाईट होतं हो त्या कॉम्प्युटरचं?

मी म्हटलं, काढून टाकतो. ग्रुपवर गेलो, त्या पत्रावर बोट दाबून धरलं, आणि बघा, या वेळी टॅबलेटनं विचारलं. कधी नव्हे ते विचारलं! 'तुमच्यापुरतं काढू की सगळ्यांसाठी?' आता मी सभ्य माणूस, मी म्हटलं, आपल्यापुरतं बघावं, लोकांच्या सामानाला कशाला हात लावा. दाबलं. गेलं! पडदा स्वच्छ! अर्धा तास, तुम्हाला सांगतो, अर्धा तास मी खुर्चीत पाय लांब करून बसलो होतो, संकट टळलं म्हणून. आणि त्या अर्ध्या तासात चौसष्ट घरं वाचत होती.

मग दुसरा फोन, परत बेकरीवाला. आता त्याचा आवाज शांत होता. शांत आवाजाची मला फार भीती वाटते. "काका, इथे वेळ पण लिहिलीये. माझ्या वडिलांचं नाव नऊ बावीसला सुरू केलंत आणि नऊ सव्वीसला संपवलंत. चार मिनिटं." मी खारी बशीत ठेवली. "आणि कुत्र्याला अकरा."

आता कुत्र्याला बदल जास्त होते हो! चष्मा काढून पुसायचे ते काढावं लागलं, पेपर वाचायचे ते काढावं लागलं... पण हे काय सांगणार त्याला? एका वडील गेलेल्या माणसाला काय सांगणार? मी फोन ठेवून दिला. संध्याकाळी मुख्याध्यापिका बाईंचा निरोप आला, एकाच ओळीचा. 'तुम्ही कॉपी केलीत.' बास. एवढंच. अडुसष्ट वर्षांचा मी, पण अंगठे धरून उभं राहावंसं वाटलं.

पण हे सगळं काहीच नाही. स्वयंपाकघरातून काही आवाज येईना, तेव्हा मला आठवलं. हीसुद्धा त्या ग्रुपवर आहे, हे मी विसरलोच होतो. आत गेलो. ही ओट्याशी उभी, चष्मा नाकावर, फोन हातात, आणि बोटानं वर वर वर सरकवत नेतेय. सव्वीस नावं ओलांडून पार मुळाशी.

"पहिलं नाव आप्पांचं आहे," ती म्हणाली.

मी म्हटलं, "हो. अगं, ते खरं होतं. ते मी खरंच बसून लिहिलं होतं, तुझी शपथ. तुझं कॉपी नाहीये!" आणि काय सांगू, मला वाटलं, सुटलो! हिचं पत्र अस्सल, मग हिला राग कशाचा? मी चक्क हसलो.

तिनं चष्मा काढला. मग म्हणाली, "म्हणूनच तर. अहो, ते एकटे माझे आप्पा होते, एक पायरी खाली उतरून थांबणारे. तेवढीच तर गोष्ट होती माझ्याकडे त्यांची. ती तुम्ही सगळ्या बिल्डिंगमध्ये वाटलीत. मी बेकरीत जाते ना, त्या काचेतलं पत्र मी कधी वाचलं नाही, दुसऱ्याचं दुःख म्हणून. आत माझेच वडील होते."

तिनं फोन पालथा ठेवला आणि पोळपाट धुवायला घेतला. धुतलेलाच होता. मी दारात उभा. लाज वाटणं म्हणजे काय हे मला तेव्हा कळलं. लोकांसमोर वाटते ती फजिती असते, ती चार दिवसांत ओसरते. ही घरातली वाटली, ही अजून बसलीये इथे. छातीत.

दुसऱ्या दिवशी ही म्हणाली, "सगळ्यांना परत लिहा. हातानं. आणि आधी विचारून." विचारून! अहो, एकवीस वर्षांत मी एकालाही विचारलं नव्हतं की तुमचा माणूस होता कसा! कधी मनातच आलं नाही. गेलो वही घेऊन, पहिल्या ग्रंथपाल बाईंकडे. मान खाली घालून म्हटलं, "चुकलो. आई कशा होत्या?" त्यांनी खुर्ची पुढे केली. मग म्हणाल्या, "कजाग. लिफ्टच्या दारात काठी घालून ठेवायची, कुणाला वर जाऊ द्यायची नाही, मी कामावरून येईपर्यंत. पाऊण-पाऊण तास. मी दमून येते, मला जिना नको म्हणून." आणि मग त्या रडल्या. माझ्या पत्रानं रडल्या नसत्या, एवढ्या. मी लिहून घेतलं. मला आठवलं, त्या काठीपायी मीच कितीदा शिव्या देत चार मजले चढलोय.

तसा आता मी घरोघर फिरतो. बेकरीवाल्यानं तीन वेळा दार उघडलं नाही. चौथ्यांदा म्हणाला, "वडील कुणाला वाट देणारे नव्हतेच काका. धक्के मारायचे. पण ते लिहू नका... का लिहा. लिहा." काचेतलं पत्र काढलंय त्यानं. भिंतीवर चौकोनी डाग राहिलाय, रोज पाव घेताना मी त्या डागाकडे बघतो आणि मोजके पैसे ठेवून पळतो. आणि सव्वीस पत्रं हातानं लिहायची म्हणजे, अहो, अंगठा सुजलाय! काय वाईट होतं हो त्या... नको. आता म्हणवत नाही ते. त्याचं काहीच वाईट नव्हतं. जे होतं ते माझंच होतं, तो नुसता झाकून बसला होता.

आणि आता जिन्याची पंचाईत. लिफ्टमध्ये कुणाबरोबर उभं राहायचं म्हणजे चार मजले तोंड कुठे लपवायचं? म्हणून मी जिन्यानं जातो. परवा भाजी घेऊन चढत होतो, ही माझ्या मागे चार पायऱ्यांवर. आणि वरून बेकरीवाला, कुणाकडे पाव पोचवून उतरत! आता नजर कशी मिळवू? मागे वळून पळू, तर मागे ही. मी आपला मुकाट्यानं एक पायरी खाली उतरलो, पिशवी पोटाशी धरली, भिंतीला चिकटलो आणि ओशाळं हसलो. तो थबकला. माझ्याकडे बघितलं, पायरीकडे बघितलं, आणि उतरून गेला. त्याच्यामागून मुख्याध्यापिका बाई. मी तसाच. त्यांच्यामागून कोण कोण. मी तसाच!

ही सगळं बघत होती. दारापाशी आली. कुलूप काढलं, चपला काढल्या, माझ्या हातातली पिशवी घेतली, आणि आत जाता जाता म्हणाली,

"हे असंच चालू ठेवा. म्हणजे तुमच्या वेळी मला फक्त नाव बदलावं लागेल. चार मिनिटांचं काम."